निळीची विहीर

शहराचा जुना जकात नाका ओलांडला की नळ संपतात आणि गटारंही संपतात. तिथून पुढे कावळटेकाच्या उतारावर जी घरं आहेत, त्यांचं पिण्याचं पाणी विहिरीतून येतं आणि घरातली घाण परसातल्या खड्ड्यात जाते. उताराच्या अगदी तळाशी जी विहीर आहे तिला निळीची विहीर म्हणतात. पाणी मात्र काचेसारखं आहे. प्लॉट बघायला आलेले लोक वाकून बघतात आणि नावाचं कारण विचारतात. मग वाडीतले सर्वांत वयस्क शिदबा त्यांना कट्ट्यावर बसवतात आणि बायजाक्काची हकिकत सांगतात.

ही गोष्ट शिदबांच्या आज्याच्या काळातली. टेकावरचं सगळ्यात वरचं घर बायजाक्काचं होतं, आणि घराच्या वरच्या अंगाला तिची स्वतःची विहीर होती. तिचा नवरा केरबा शहरातल्या मोठ्या घरांची बांधकामं करून परतला, आणि तिथं पाहिलेली सोय आपल्याही घरी हवी म्हणून त्याने परसात संडास बांधला. वाडीतला तो पहिला. खड्डा मुरूम फोडून थेट भेगाळलेल्या काळ्या खडकापर्यंत नेला. बाजू बांधल्या नाहीत, तळ बांधला नाही. कितीही वापरला तरी तो भरत नसे, आणि केरबा हे कौतुकाने सांगे. बायकांना अंधारात ओढ्याकडे जायला नको म्हणून बायजाक्कालाही बरंच वाटलं होतं.

त्याच पावसाळ्यात खालच्या घरांत ढाळवांती सुरू झाली म्हणे. बायजाक्काची लेक गौरा खालीच दिलेली होती. गौराची तान्ही मुलगी त्यात गेली, आणखीही पोरं गेली. बायजाक्का खाली गेली, नातीला आंघोळ घातली, परत वर आली आणि भाकऱ्या थापायला बसली. रडू आलं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं, बराच वेळ मांडी घालून बसल्यावर पाय होतात तसं. दिवस जात राहिले. ती उठायची, झाडायची, रांधायची.

पावसाळा सरल्यावर केरबाला पाहुण्यांकडच्या लग्नाला जायचं होतं. तिने त्याची धोतरं, पागोटं धुऊन निळीत घातली. लक्ष नव्हतं, नीळ भसकन जास्त पडली. कपडे पुन्हा खळबळावे लागले आणि ते सगळं गर्द पाणी तिने संडासाच्या खड्ड्यात ओतलं.

काही दिवसांनी खालून बायकांचा कालवा ऐकू आला. विहिरीतून निळसर पाणी येत होतं. सगळी वाडी गोळा झाली. वाडीतला देवऋषी म्हणाला, देवी कोपली आहे, पोरं तिनेच नेली, मंगळवारी बकरं द्या. बायजाक्काने गौराच्या घागरीत डोकावून पाहिलं. आयुष्यभर धुणं धुतलेली बाई ती. तो रंग तिने लगेच ओळखला. आणि रंग ज्या वाटेने आला त्या वाटेने आधी काय काय आलं असेल, हेही तिला कळलं. तेव्हासुद्धा तिच्या आत काही हललं नाही, असं सांगतात. ती सावकाश घरी आली आणि केरबाला म्हणाली, "देवी न्हाई. आपला खड्डा हाय."

केरबाने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "गप ऱ्हा. हे भाईर पडलं तर गौरा पुन्ना या दारात पाय ठेवायची न्हाई."

"ते कळतंय मला."

मंगळवारी बकरं आणून विहिरीपाशी बांधलं होतं. बायजाक्का गर्दीतून पुढे आली. तिने पोहरा सोडला, पाणी वर काढलं आणि सगळ्यांदेखत ओंजळ भरून प्यायली. म्हणाली, "ही नीळ माझ्या धुण्याची हाय. मी खड्ड्यात वतली, ती हितं आली. पोरं देवीनं न्हेली न्हाईत. आमच्या घाणीनं न्हेली."

गौराने आईकडे पाहिलं, हातातली घागर खाली ठेवली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. बकरं कोणीतरी सोडून दिलं.

त्या दिवसापासून बायजाक्काने आपल्या वरच्या विहिरीचं पाणी सोडलं. रोज खाली यायची, घागर भरायची, चढ चढून घरी न्यायची. पहिल्या संध्याकाळी तेच पाणी तिने तांब्यात भरून नवऱ्याच्या ताटाजवळ ठेवलं. "तान लागली तर ह्येच हाय," एवढंच म्हणाली. केरबा तांब्याकडे बघत बसला. जेवला नाही. सकाळी कुदळ घेऊन परसात गेला आणि खड्डा दगडमातीने बुजवायला लागला. नवा खड्डा त्याने सगळ्या विहिरींच्याही खाली, तळापलीकडच्या शेताच्या कडेला खणला. तळ आणि बाजू विटा-चुन्याने बांधून काढल्या. म्हातारपणीही दोघं तेवढा उतार उतरून जात.

निळीचा रंग गेला, पाणी निवळलं, पण बायजाक्का खालचंच पाणी पीत राहिली. गौरा तिच्याशी बोलत नव्हती. विहिरीवर दोघी समोरासमोर आल्या तरी एक पोहरा सोडायची, दुसरी वाट बघायची. अशी वर्षं गेली. बायजाक्का थकली. एकदा भरलेली घागर तिच्याने उचलेना. दोन्ही हात घागरीला लावून ती नुसती वाकून उभी राहिली. तेव्हा गौरा पुढे आली, आईच्या डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि घागर उचलून वर ठेवली. बायजाक्का चढाला लागली.

आजही कावळटेकावर नवं घर झालं की वापर सुरू होण्याआधी संडासाच्या टाकीत नीळ ओततात, आणि त्या घरची बाई महिनाभर याच विहिरीचं पाणी नेते. आता मोटर आहे, जार आहेत, तरी पहिली घागर डोक्यावरूनच न्यायची. ती उचलून द्यायला खालच्या आळीतली एखादी बाई येते. ती तिची नात्याची नसते, बहुतेक वेळा ओळखीचीही नसते.