जुईचं दही

एकदा एक वयोवृद्ध डॉक्टर सुपरमार्केटमधल्या फ्रिजसमोर चक्क जमिनीवर मांडी घालून बसले, त्या संध्याकाळची ही गोष्ट.

हे डॉक्टर लहान मुलांचे. गावात सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांच्या हाताखाली शाल्मली नावाची एक तरुण डॉक्टर शिकत होती. बुद्धीने तल्लख, अभ्यासात चोख, आणि बोलण्यात थोडी कडक.

दिगंबर नावाचा एक बाप आपल्या चार वर्षांच्या जुईला घेऊन दवाखान्यात आला, तेव्हा तिला शाल्मलीनेच तपासलं. जुईचे पुढचे दात किडले होते, भूक मेली होती. जेवणाऐवजी ती दिवसभर गुलाबी दह्याचे कप खात होती.

“दही पौष्टिक असतं म्हणून देतो,” दिगंबर म्हणाला.

“हे दही नाही, मिठाई आहे,” शाल्मली म्हणाली. “तुम्ही शिकलेले आहात. कपावर लिहिलेलं वाचत नाही का?”

दिगंबर मान खाली घालून उठला. पुन्हा दाखवायला यायच्या दिवशी तो आलाच नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. दातांची कीड आत उतरली तर मुलीला फार त्रास होणार, हे शाल्मलीला कळत होतं. “काही लोकांना सांगून उपयोग नसतो,” ती वैतागून म्हणाली.

अप्पांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं. मग दिगंबरला स्वतः फोन लावला. त्याला रागावले नाहीत, दवाखान्यात या असंही म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, “तुम्ही सामान आणायला कधी जाता? आम्ही दोघं तुमच्यासोबत आलो तर चालेल का?”

अशा रीतीने ते चौघे त्या दुकानात पोचले. दह्याच्या फ्रिजपाशी आल्यावर अप्पांनी जुईला विचारलं, “तू कुठे उभी राहतेस गं?” जुईने जागा दाखवली. अप्पांनी गुडघ्यावर हात ठेवत कसंबसं खाली बसून घेतलं. येणारेजाणारे वळून पाहू लागले. दुकानातला एक माणूस धावत आला. “काका, बरं वाटत नाही का?”

“उत्तम वाटतंय. जरा बघतोय,” अप्पा म्हणाले.

शाल्मलीला संकोचाने कुठे पाहावं कळेना. अप्पा मात्र जुईशी बोलण्यात रंगले होते.

“इथून काय काय दिसतं?”

“ससा. त्याच्या टोपीत स्ट्रॉबेरी आहे. आणि हत्ती, तो आंब्याचा.”

“आणि साधं पांढरं दही?”

जुईने डावीकडे, उजवीकडे नीट पाहिलं. “ते इथे नसतं,” ती म्हणाली.

शाल्मलीने मान वर केली. साध्या दह्याचे डबे सगळ्यात वरच्या फळीवर होते. अप्पांनी खुणावलं, तशी तीही खाली बसली. तिथून खरोखरच ससे आणि हत्तींखेरीज काही दिसत नव्हतं.

अप्पा हलक्या आवाजात म्हणाले, “तू दवाखान्यात जे सांगितलंस, त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. पण हा कप विकणाऱ्याने आधी इथे बसून पाहिलं, मग ससा काढला. आपण मुलीचं भलं इच्छिणारी माणसं, आणि आपणच तिच्या जागी बसून पाहिलं नाही. बापाच्या जागीही नाही. त्याला दोष दिला, म्हणून तो आपल्यापासून दूर गेला.”

मग त्यांनी दिगंबरला विचारलं, “मुलीला दह्याची आवड कुणी लावली?”

“हिच्या आईने,” दिगंबर म्हणाला. “दहीभात भरवायची. आता ती दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आहे. जुई रात्री तिच्यासाठी रडते. निदान आवडीचं तरी मिळू दे, असं वाटतं.”

“आवड चांगलीच आहे. ती मोडायची नाही,” अप्पा म्हणाले. “आता वरचा एक डबा काढा आणि हिच्या हातात द्या. घ्यायचा कुठला, ते या ताई सांगतील. त्यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

आपल्या चुकीच्या वेळीच अप्पांनी आपला मान राखला, हे शाल्मलीच्या लक्षात आलं. मग ती दिगंबरच्या शेजारी उभी राहून शांतपणे सांगू लागली. पुढच्या बाजूच्या फळांच्या चित्रावर जाऊ नका, आत फळ नावापुरतं असू शकतं. मागे पाहा, दूध आणि विरजण एवढंच असेल तर उत्तम. साखरेचं नाव सुरुवातीलाच आलं तर तो कप रोजचा नाही. गोडीसाठी घरी केळं कुस्करा, चिकू घाला.

“आणि एकदम ऐकलं नाही तर?” दिगंबरने विचारलं.

“गुलाबी दह्यात थोडं साधं मिसळा. मग साध्याचं प्रमाण वाढवत न्या. एखाद्या दिवशी नाही जमलं, तर नाही जमलं. पण दात दाखवायला मात्र या.”

दिगंबर पहिल्यांदाच हसला. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून जुई फळांच्या दिशेने निघालीसुद्धा होती. चिकू तिनेच निवडले.

काही दिवसांनी दोघं दवाखान्यात आले. दातांवर वेळेत उपचार झाले. चिकू घातलेलं दही मातीसारखं दिसतं, आणि बाळ आल्यावर त्यालाही ते द्यायचं आहे, असं जुईने शाल्मलीला सांगितलं. बाळाला दात येईपर्यंत थांबावं लागेल, असं शाल्मलीने तिला तितक्याच गांभीर्याने समजावलं.

ते निघून गेल्यावर तिने अप्पांकडे पाहिलं. ते पुढच्या मुलाचं नाव विचारत होते, जणू काही विशेष घडलंच नव्हतं. ज्ञान तिच्यापाशी आधीही होतं. ते दुसऱ्याच्या घरात कसं पोचवायचं, हे ती त्या माणसाकडून शिकली.

मुलांच्या ताटात काय पडावं हे सांगण्याआधी, ते ताट वाढणाऱ्याची विचारपूस करावी.