तोरणाची रेघ आणि मागचे दाखवणारा आरसा

एका राज्यात नदीच्या दोन्ही काठांना माणसे राहत, आणि ज्याला त्याला आपलाच काठ खरा वाटे. काठ दोन, पण वेड एकच. चेंडूच्या खेळावाचून तिथे पान हलत नसे. हात लावायचा नाही, पायाने खेळायचे. मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन खांबांवर तोरण बांधलेले, त्याखाली चुन्याची रेघ. चेंडू रेघेपलीकडे गेला की पंचाने शिंग फुंकायचे आणि काठाने आभाळ डोक्यावर घ्यायचे. आणि शिंग एकदा बोलले की बोलले, ते मागे घेण्याची रीत नव्हती.

खेळाआधी मात्र एक रीत होती. पंच ज्वारीची भाकरी मोडी, अर्धी ऐलतीराच्या नायकाला देई, अर्धी पैलतीराच्या, आणि म्हणे, "माणूस आहे, चुकेन. सांभाळून घ्या." नायक ती भाकरी खात. खेळ संपला की लोक पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच जेवायला बोलावीत.

पंच होता हैबती. नजर घारीची, पण घारीचीही झडप चुकते हो! एका वर्षी राजपुत्र मकरंदाने, म्हणजे ऐलतीराच्या नायकाने, शेवटचा चेंडू मारला. तो खांबाला लागला, रेघेच्या आत पडला आणि गिरकी घेऊन बाहेर आला. मावळतीचे ऊन हैबतीच्या डोळ्यांत होते. त्याने शिंग फुंकले नाही. ऐलतीर हरले.

राजपुत्र मैदानावर बसून रडला. ते राजा शार्दूलसेनाने पाहिले, आणि बापाचे काळीज ते, पेटले. त्याने डोंगरातून धूम्रक नावाच्या मांत्रिकाला बोलावले.

"जे घडून गेले ते पुन्हा दाखवेल असे काही दे."

धूम्रकाने ताडाएवढा आरसा मैदानाच्या काठी उभा केला. म्हणाला, "हा खोटे दाखवणार नाही. पण याच्या दोन अटी. आरसा बोलेपर्यंत कुणी ओरडायचे नाही. आणि आरशाला एकदा विचारले की पंचाचे अंग थोडे दगड होईल. आरसा असताना पंच हवा कशाला?"

"कबूल," राजा म्हणाला. हैबतीला कुणी विचारले नाही. आणि चूकच होणार नसेल तर भाकरी तरी कशाला, म्हणून तीही बंद झाली.

मग काय झाले म्हणता? पहिल्या खेळात आरशाला दोनदा विचारले, पुढच्या खेळात दहादा. चेंडू रेघेपलीकडे गेला का ते विचारले, मग कुणाचे नख जवाएवढे पुढे होते का ते विचारले. लोक तोंडे मिटून उभे राहत. आरसा ढगासारखा हलत राही, आणि तो होय म्हणेपर्यंत आनंदाचा पार भुगा होऊन जाई. आधी पंचाला शिव्या होत्या, आता आरशाला झाल्या; पण त्याही मनातल्या मनात. सगळे राज्य मुके झाले. पाळणा हलला तरी बाया आरशाकडे बघून गप्प राहू लागल्या.

आणि हैबती दगड होत गेला. आधी पाय, मग कंबर, मग हात. मैदानाच्या मधोमध उभ्याउभ्याच तो गळ्यापर्यंत दगड झाला. शिंग धरायला हात उरला नाही, तेव्हा ते त्याची लेक तुळजा हिच्या हाती आले. पंचाचे घर ते. दुसरे कोण फुंकणार? शाप मात्र हैबतीच्याच अंगावर राहिला. ती बापाला रोज पेज भरवी.

"आणखी एकदा विचारले की तोंड मिटेल," हैबती म्हणाला. "मग पेज आणू नकोस, पोरी."

तुळजा तिथेच रेघेजवळ बसून रडली. तेव्हा तोरणाच्या आत, रेघेच्या कडेला उघड्यावर अंडी घातलेली एक टिटवी बोलली.

"रडून माझी अंडी भिजवू नकोस. धूम्रक जाताना पुटपुटला ते मी ऐकले आहे. मोडलेली रीत पुन्हा मांड. दोन्ही काठांचे राजीखुशीचे पीठ आण. नागझरीचे पाणी आण. ज्याचे नुकसान झाले त्याच्या चुलीतला विस्तव आण, त्याच्याच हाताने. त्याची भाकरी कर आणि नायकांना खाऊ घाल."

"मग शाप सुटेल?"

"एवढ्याने नाही. त्या दिवशी पंचाकडून चूक व्हायला हवी. मुद्दाम केलेली चालत नाही. आणि ज्याला ती भोवली त्याने आरसा न मागता ती सांभाळून घ्यायला हवी."

तुळजा पिठाला निघाली. ऐलतीरावर दारे तोंडावर आपटली. "बापाने घात केला, आणि लेक पीठ मागते! जनाची नाही, मनाची तरी?" ती उलटून बोलली नाही, पुढच्या दारी गेली. शेवटी एका विणकर म्हातारीने मूठ पुढे केली. म्हणाली, "तुझ्या बापाला मी त्या दिवशी नाही नाही ते बोलले. पण बोलून मोकळी झाले बघ. आता कुणाला बोलू? आरशापुढे गेले तर तो माझेच तोंड दाखवतो मेला!" पैलतीरावर नायक कोंडाजीने मूठभर पीठ दिले. तो म्हणाला, "त्या वर्षी आम्ही जिंकलो ते तुझ्या बापाच्या चुकीने. ते आम्हालाही ठाऊक आहे. घे."

मग ती नागझरीला गेली. झऱ्यावर नाग बसला होता. त्याने विचारले, "चेंडू आत होता की बाहेर?"

सगळे राज्य बापाला दोष देत असताना तिने एकटीने त्याची बाजू धरली होती. बाहेर होता, असेच ती आजवर स्वतःला सांगत आली होती.

"आत होता," ती म्हणाली. "माझा बाप चुकला."

नाग बाजूला झाला. तिने घागर भरली.

विस्तवासाठी ती राजवाड्यात गेली. मकरंद मुदपाकखान्यात आला.

"तुझ्या बापामुळे मी हरलो."

"होय, युवराज."

"आणि तू माझ्या चुलीतला विस्तव मागतेस?"

"मागते. बाप दगड होतो आहे. दुसरे दार नाही मला."

राजपुत्र चुलीपाशी वाकला. मग म्हणाला, "आरसा आल्यापासून मी कितीतरी चेंडू तोरणात घातले. एकही आरोळी कानावर आली नाही. आरसा होय म्हणतो तोवर माझे पाय थंड पडतात. मग लोक टाळ्या वाजवतात, कुणा पाहुण्यासाठी वाजवाव्यात तशा." त्याने चिमट्याने निखारा उचलून तिच्या मडक्यात टाकला.

तुळजेने भाकरी भाजली. खेळाच्या दिवशी तिने ती मोडली, दोघा नायकांना दिली आणि म्हणाली, "माणूस आहे, चुकेन. सांभाळून घ्या." कोंडाजीने खाल्ली. मकरंदानेही खाल्ली. राजाच्या कपाळाला आठी पडली, पण भाकरी खाऊ नका असा हुकूम काही नव्हता.

खेळ सुरू झाला. तुळजा जीव ओतून पाहत होती, कारण पंचाचे काम तेच. प्रत्येक निवाडा नेमका होता, आणि कुणाला आरसा मागायला जागाच उरली नाही. दोन्ही काठ बरोबरीत. बापाचा जीव चुकीवर टांगलेला, आणि तिला चुकता येईना! सूर्य कलला. शेवटच्या घटकेला मकरंदाने चेंडू मारला. तो खांबाला लागला, खाली पडला, धूळ उडाली, चेंडू बाहेर आला. तुळजेने डोळे ताणून पाहिले आणि मान हलवली. शिंग वाजले नाही. कोंडाजीने तोच चेंडू उचलून धरला, पलीकडे धावला आणि... छे, चुकलो, हात लावायचा नाही! पायानेच नेला आणि पलीकडच्या तोरणात घातला. तुळजेने शिंग फुंकले. पैलतीर जिंकले.

तेवढ्यात टिटवी किंचाळली, "आत होता! माझ्या अंड्यांपाशी पडला होता!"

तुळजा रेघेपाशी धावली आणि अंड्यांपाशी वाकली. राजा उठला. "आरसा दाखवा!"

"महाराज, आरसा नको," तुळजा म्हणाली. "मी चुकले. चेंडू आत होता. शिंग मागे घेता येत नाही."

"आरसा ते मागे घेऊ शकतो. मकरंदा, हा आरसा मी तुझ्यासाठी आणला. माग."

मकरंदाचे डोळे भरून आले होते. तीच रेघ, तोच खांब, तीच हार. त्याने हैबतीच्या दगडी गळ्याकडे पाहिले.

"आबासाहेब, मी हरलो. मला वाईट वाटते आहे, फार वाटते आहे. ते मला वाटू द्या. ती माणूस आहे, चुकली. मी सांभाळून घेतले."

आणि मग पैलतीराने आरोळी ठोकली. आरशाला न विचारता! पाठोपाठ ऐलतीर उसळले. "आंधळी आहेस का गं! डोळे काय घरी ठेवून आलीस?" विणकर म्हातारी तर पदर खोचून पुढे आली होती. इतक्या वर्षांचा कोंडलेला आवाज एकदम बाहेर पडला. आरशाला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि तो कोसळून त्याची वाळू झाली.

हैबतीच्या अंगावरचा दगड खपल्यांनी गळून पडला. तुळजेने धावत जाऊन त्याला सावरले. तो आधी खोकला, मग रेघेकडे पाहून म्हणाला,

"तुळजा, चेंडू आत होता."

"होय, बाबा."

राजा मैदानावर उतरला. त्याने लेकाला जवळ घेतले, हैबतीपुढे मान लववली, आणि भाकरीची रीत पुन्हा सुरू केली. पुढल्या वर्षी हैबती पुन्हा चुकला. सगळे पैलतीर त्याच्या नावाने ओरडले. तो शिंग छातीशी धरून ऐकत उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी कोंडाजीकडे जेवायला गेला. त्या काठांवर आजही पंच चुकतात, लोक ओरडतात आणि पान वाढतात. तिथला आवाज मिटला नाही, तसा तुमचाही न मिटो.