झडपेने धरलेला नेम

यंत्रंही सुखदुःखाचं बोलत, त्या काळची ही गोष्ट. एका प्रयोगशाळेत बर्फाहून गार अशी पेटी होती. तिच्या झडपेने व्रत घेतलं होतं, की आतल्या कणांचं काम पुरं होईतो उघडायचं नाही.

गावात तापाची साथ होती. औषधाची जुळणी भल्याभल्या यंत्रांना साधेना, म्हणून पेटीतले इवलेसे कण ती शोधायला बसले होते. त्यांची रीतच न्यारी. ते असंख्य वाटा एकदमच चालत. पण कुणी मध्येच डोकावलं, की साऱ्या वाटा मोडत आणि हाती भलतीच एक उरे.

दुपार कलली. आतून हूं नाही की चूं नाही.

"झडपताई, गारठून मेले असतील गं तुझे कण," शेजारी टांगलेली विजेरी म्हणाली. "तसूभर सरक. मी नुसता कवडसा टाकते. कुणाला कळतंय?"

"त्यांना कळेल ना!"

"आणि तिकडे एखादं पोर दगावलं तर? बस मग व्रत कुरवाळत!"

हे वर्मी लागलं. झडपेची कडी सरकू लागली. तेवढ्यात तिने स्वतःलाच विचारलं, "मी उघडतेय ती पोरांसाठी, की माझ्या जिवाला चैन पडावं म्हणून?"

तिने कडी घट्ट ओढली आणि देवाचं नाव घेतलं.

दिवेलागणीला आतून हाक आली, "ताई, उघड आता. जुळणी सापडली!"

बायांनो, तुमच्याही घरी कुणी दार लावून काही शोधत बसलं असेल, तर फटीतून डोकावू नका. त्याच्यासाठी ताट झाकून ठेवा, आणि थांबा.