सरकारांची गार गाडी

तांबुळवाडीच्या रायाजीराव सरकारांच्या गाडीचा एसी बंद पडला, तोही ऐन मे महिन्यात आणि व्याह्यांकडे सोलापूरला जायच्या आदल्या दिवशी. संस्थान कधीच खालसा झालं होतं, पण गाव अजून त्यांना सरकार म्हणे आणि सरकारांनाही ते खरंच वाटे. व्याही होते महाथट्टेखोर. सरकार घामाने निथळत उतरले असते, तर "पोहत आलात काय?" असं त्यांनी चारचौघांत विचारलं असतं. सरकारांना दुसरं काहीही चाललं असतं, हे नाही.

ड्रायव्हर शिदूने डोकं खाजवलं. "गॅस गेला असंल, सरकार."

"गेला? कुठे गेला?"

शिदूने आभाळाकडे बोट केलं. सरकारांना हे मुळीच पटलं नाही. आपल्या बंगल्यातली वस्तू आपल्याला न विचारता जाते म्हणजे काय? ते तडक स्वयंपाकघरात गेले. तिथे स्वयंपाकीण कोंडाबाई वरण ढवळत होती आणि शेगडीखाली सिलिंडर उभा होता.

"कोंडाबाई, हा सिलिंडर कधी लावलास?"

"दोन महिनं झालं, सरकार. जपून वापरते."

"एरवी महिन्यात संपतो. सापडला चोर. आमच्या गाडीतला गॅस तू शेगडीत घातलास."

अकरा वर्षं त्या घरात काढल्यावर कोंडाबाईला असल्या न्यायाची सवय झाली होती. ती शांतपणे म्हणाली, "गाडीचा गॅस शेगडीत घातला असता, तर वरण गार नसतं का झालं, सरकार?"

दारात उभा असलेला शिदू फिसकन हसला, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. चूक दाखवली तर सरकार एक वेळ ऐकून घेत, हसलेलं मात्र खपवून घेत नसत.

"फार शहाणी ना तू? मग उद्या सकाळी नऊच्या आत गाडी गार करून दाखव. मेकॅनिक बोलवायचा नाही. गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही. बाहेरची एक वस्तू गाडीत घालायची नाही आणि गाडीतली एक वस्तू बाहेर काढायची नाही. सीटखाली बर्फाची लादी ठेवलीस तर याद राख. जमलं नाही, तर स्वयंपाकघर सोड आणि मागची खोलीही रिकामी कर."

ती मागची खोली सोडून कोंडाबाईला जगात दुसरं छप्पर नव्हतं. तिने सरकारांना आग्रह करून दोन वाट्या वरण जास्त वाढलं, ते झोपले याची घोरण्यावरून खात्री करून घेतली, आणि पदर खोचून गाडीपाशी गेली.

शिदूने बॉनेट उघडलं. आत नळ्याच नळ्या होत्या.

"मावशी, आधी एसीचं बटन दाबलं की हितं टक् व्हायचं. आता आतला पंखा फिरतोय, वारं येतंय, पण टक् काय व्हत न्हाई."

"टक् व्हत न्हाई?" कोंडाबाईचा चेहरा उजळला. "आरं, माझं लायटर टक् करंना झालं, तर मी गॅसला शिव्या देते व्हय? गाडीचं लायटर कुठाय, ते दाव."

शिदूने एक काळा डबा उघडला. आत टक् करणारे काळे चौकोनी ठोकळे, म्हणजे रिले, ओळीने खोचलेले होते आणि झाकणावर त्यांची चित्रं होती. एक चित्र ठिपक्यांच्या रांगोळीतल्या फुलासारखं होतं. ते एसीचं, असं शिदू म्हणाला. शेजारचा कर्णा हॉर्नचा. दोन्ही ठोकळे जुळ्या भावांसारखे दिसत होते, आकाराने आणि आकड्यांनीही.

कोंडाबाईच्या शेगडीचं एक बटन दिवाळीतच तुटलं होतं. तेव्हापासून ती उरलेलं एकच बटन उपटून कधी डावीकडे लावी, कधी उजवीकडे, आणि त्यावर तिने पन्नास माणसांची पंगतही उठवली होती. तिने गाडी बंद करायला लावली, दोन्ही ठोकळे उपटले आणि एकमेकांच्या जागी खोचले.

"आता दाब."

टक् झालं. दोन मिनिटांत शिदूच्या कपाळावरचा घाम वाळला. आनंदाच्या भरात त्याने हॉर्न दाबून बघितला, तर चकार आवाज नाही.

"मावशी, हॉर्न गेला की!"

"सरकारांनी गार मागितलंय. हॉर्नचं नाव तरी काढलं का त्यांनी?"

सकाळी नऊला सरकार गाडीत बसले. पाच मिनिटांत त्यांनी शाल मागवली. मान्य करायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण दात वाजत होते, त्याला काय करणार? गाडी फाटकाशी आली, तर बरोबर मधोमध एक म्हैस उभी.

"हॉर्न दे," सरकार म्हणाले.

शिदूने दाबला. म्हैस रवंथ करत राहिली.

सरकार शालीसकट खाली उतरले. कोंडाबाई आणि बागेतला माळी गाडी बघायला फाटकाशी आलेच होते. "कोंडाबाई! काही बाहेर काढायचं नाही असं बजावलं होतं."

"काढलं न्हाई, सरकार. बाहेरचं काय घातलंबी न्हाई. डबा उघडून मोजून घ्या. गाडीचं हाय ते गाडीतच हाय."

"मग ही गाडी ओरडत का नाही?"

"आता ती गार पडली, सरकार. वरडंल कशाला? वरडतंय ते तापलेलं असतंय."

माळ्याने मान खाली घातली. शिदूने या खेपेला आधीच तोंडात रुमाल कोंबला होता. सरकारांनी आणखी एकदा ओरडायला तोंड उघडलं, तसंच मिटलं, आणि मग त्यांच्या मिशा हलू लागल्या. ते हसले ते असे गडगडून, की म्हैस दचकली आणि शेपूट वर करून रस्त्यापलीकडे पळाली.

"आमच्या खोलीतला कूलर आजपासून स्वयंपाकघरात," डोळे पुसत सरकार म्हणाले, "आणि मागची खोली कोंडाबाईच्या नावावर करून टाका. शिदू, चल."

"पण सरकार, वाटंत आणखी म्हशी लागतील. हॉर्नचं काय?"

"चल रे, मी आहे ना," सरकार म्हणाले, आणि काच खाली करून बसले.