बीजेच्या चंद्राची ओवाळणी

या रे, जवळ सरका. दिवा बारीक करते, म्हणजे गोष्ट कशी हळूहळू येईल.

कुठल्या काळी कोण जाणे, समुद्राकाठी एक गाव होतं. गावाला एक खाडी होती. खाडीच्या काठावर येसू राहायची. तिचा नवरा धाकू लोकांना होडीतून अलीकडे-पलीकडे न्यायचा. सासू मायेची होती. घरात कशाची वाण नव्हती. पण येसूला भाऊ नव्हता, आईबाप लहानपणीच गेलेले. तिच्याकडे माहेरचं म्हणून कुणी यायचंच नाही, बरं का.

मग आली दिवाळी. आली भाऊबीज. धाकू पलीकडून गावातल्या बायकांचे भाऊ आणायला गेला. येसूनं शेजारणींची अंगणं सारवून दिली, त्यांच्यासाठी करंज्या तळून दिल्या. बायका नटूनथटून काठावर उभ्या राहिल्या.

सूर्य टेकला, आणि झालं काय, ओहोटीचं पाणी भराभर उतरलं. भावांनी भरलेली होडी खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतली. मागून समुद्राच्या लाटा आदळायला लागल्या. होडी कलली. फळ्या करकरल्या.

मग येसू कोळ्यांकडे धावली. त्यांच्या होड्या चिखलात बसलेल्या. मग ती दोरखंड घेऊन आली. दोर पोचेना. मग ती स्वतःच पाण्यात शिरली. ओढ इतकी, की बायकांनी तिला मागे खेचलं.

तेवढ्यात पश्चिमेला बीजेची कोर दिसली. नखाएवढी, पांढरी.

सासू निरांजनाचं ताट घेऊन आली. म्हणाली, "येसू, ज्या बाईला भाऊ नाही, तिचा भाऊ चंद्र. ओवाळून घे."

"सासूबाई, आत्ता? होडी तिकडे..."

"आत्ताच. पण मागायचं काही नाही हं. भावाला ओवाळायचं ते मायेनं."

येसूनं ओल्या वाळूवर पाट मांडला. कोरीला ओवाळलं. आणि मग वारा थांबला. आभाळातली कोर दिसेनाशी झाली, आणि पाटावर एक सडपातळ मुलगा येऊन बसला. अंगावर पांढरं धोतर, कपाळ थंडगार. येसूनं त्याला कुंकू लावलं. करंजी भरवली.

तो म्हणाला, "ताई, सगळे माझ्याकडे बघतात. बस म्हणून पाट फार थोड्या जणी मांडतात. काय घालू ओवाळणी? चांदण्याचं लुगडं देऊ?"

येसूनं नको म्हणून मान हलवली.

"नथीला तारा देऊ?"

तिनं पुन्हा मान हलवली. मागितलं मात्र काही नाही. डोळे तेवढे होडीकडे लागलेले.

त्यानं तिकडे पाहिलं. म्हणाला, "पाणी माझं ऐकतं. पण भरतीची वेळ झालेली नाही. अवेळी बोलावलं, तर समुद्र माझा उजेड मागून घेईल. आज माझ्याकडे आहे तरी केवढा?"

"मग राहू दे रे," येसू म्हणाली. "तू अंधारात घरी कसा जाशील?"

तो हसला. उठला. ओंजळभर उजेड होता, तो त्यानं पाण्यावर सोडून दिला.

मग समुद्र हळूच फुगला. दूध वर यावं ना, तसा. लाट नाही, आवाज नाही. पाणी वाळूवर चढलं, होडीखाली शिरलं, आणि होडी अलगद उचलली गेली. पाण्यावर रुपेरी वाट पडली. त्या वाटेनं धाकू होडी घेऊन आला. काठावर भावाबहिणींच्या गळाभेटी झाल्या, घरोघरी निरांजनं लागली.

येसू मात्र पाण्यात निरांजन उंच धरून उभी राहिली. आभाळ काळं झालं होतं ना, भावाला वाट दिसायला नको का? हात दुखला, तरी तिनं तो खाली घेतला नाही. शेवटी लांब पश्चिमेला काहीतरी पांढरं लुकलुकलं, आणि समुद्रापलीकडे उतरलं.

धाकू जवळ आला. म्हणाला, "पाटावर कोण बसलं होतं गं?"

येसू म्हणाली, "माझ्या माहेरचं माणूस."

मग ती सगळी माणसं सुखात राहिली. दर भाऊबीजेला त्या काठावर एक पाट मांडलेला असायचा.

झाली गोष्ट. पाय पांघरुणात घ्या. मिटा बघू डोळे.