बेटावरचा एक सवाल
स्कॉटलंडच्या उत्तरेला एक चिमुकलं बेट आहे. स्कॉटलंडने स्वतंत्र व्हायचं की ब्रिटनमध्येच राहायचं, यावरचं मतदान तोंडावर आलं होतं आणि बेटावर सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

अशात स्वातंत्र्याच्या बाजूचे बडे पुढारी गेडिससाहेब सभेला आले. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारी एकुलती एक बोट चालू ठेवायची की बंद करायची, हे त्यांच्याच हातात. त्यामुळे कोणी ब्र काढेना.

"लंडनला बसून इथलं दुःख काय कळणार?" साहेब गरजले. "जो जिथे राहतो, त्यानेच तिथला कारभार बघावा!"

खानावळवाली इशबेलबाई उठली. "पटलं, साहेब. मग आमचं बेट तुमच्यापासून स्वतंत्र कधी करताय?"

साहेब लालबुंद झाले.

"वेड लागलंय का? एवढंसं बेट! एकटे पडाल, उपाशी मराल. आमच्याबरोबर राहण्यातच तुमचं हित आहे. आणि बोट बंद झाली तर काय कराल?"

"काल लंडनचे मंत्री इथेच उभे राहून अख्ख्या स्कॉटलंडला हेच ऐकवून गेले," इशबेलबाई म्हणाली. "भाषण एकच होतं, तर दोघांनी एकाच बोटीतून यायचं नाही का!"