फ्रान्सची ब्रँडी आणि मोतीगीरची छाती

“...पण मग गोड का लागत नाही, बाबा? चव ओळखता सगळी येते. गोड काहीच लागत नाही.”

रेवागीर बाबा चुलीपाशी वांगी भाजत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा सुपडू. एके काळी याच मठात चड्डी सावरत बाबांच्या मागे मागे फिरायचा. आता मोठ्या हॉटेलांत दारू चाखून तिचे गुण सांगतो आणि लोक त्याला सर म्हणतात. असले उद्योग निघालेत हल्ली. पलीकडे केळीच्या बागेत शहरातली मंडळी दोन दिवस हवा खायला उतरली होती. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, आणि त्यावर फ्रान्सची ब्रँडी. कोणत्या घासावर कोणता घोट, हे सांगायला सुपडूला आणलेलं. त्यानं झकास सांगितलं, टाळ्याही पडल्या. पण स्वतःच्या तोंडात भुसा.

म्हणून सकाळी उठून तो मठात आला. काखेत बाटली होतीच.

“कधीपासून असं?” बाबांनी विचारलं.

“आई गेल्यापासून. नाही... त्याच्याही आधीपासून. तिच्या हातचं जेवताना मी हिंग जास्त झालाय का ते बघत होतो.”

“हं.”

बाबांनी वांगी सोलली, ठेचली, फोडणी घातली आणि केळीच्या पानावर वाढून पुढे ठेवली. सुपडूनं बोटाच्या टोकानं चाखलं. डोळे मिटले.

“कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर. तेल घाण्यावरचं, शेंगदाण्याचं. लसूण जरा करपला.”

“झालं?”

“झालं.”

“मग खा की.”

सुपडूनं पान बाजूला सारलं.

“ते राहू द्या. ही बघा.” त्यानं बाटली उघडली, फुलपात्रात बोटभर ओतली आणि फुलपात्र दोन्ही तळव्यांत धरून बसला. “माझ्या जन्माच्या आधीपासून लाकडी पिपात निजलेली आहे. हिला तळहाताच्या उबेनं जागं करायचं असतं. घाई केली तर रुसते.”

“बायकोचे एवढे लाड केले असतेस तर ती माहेरी गेली नसती. काय आहे हिच्यात?”

“जुनं लाकूड. मनुका. संत्र्याची साल. आणि अगदी शेवटी... चामडं.”

“वहाण चाटली असतीस. फुकट पडली असती.”

सुपडूला राग आला. तो काही बोलणार, तोच आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला. कोरडा, खोल, थांबता थांबेना असा.

“मोतीगीर,” बाबा म्हणाले. मोतीगीर म्हणजे बाबांचे गुरुबंधू. थंडी पडल्यापासून त्यांनी खाट धरली होती.

बाबांनी फुलपात्र आणि बाटली दोन्ही उचलली. “ऊठ. आत चल.”

खाटेवर म्हातारा कसला, नुसती हाडं पडली होती. बाबांनी त्याच्या बंडीची बटणं सोडली.

“हात पुढे कर, सुपड्या.”

सुपडूनं केला. बाबांनी फुलपात्र त्याच्या तळव्यावर उपडं केलं.

“चोळ.”

“बाबा! ही चोळायची नसते! गावात साधी मिळते, आत्ता आणून देतो.”

“तू आणशील तोवर हा खोकून मरेल. उबेनं जागी होते म्हणालास ना? चोळ.”

सुपडू बोटांनी चोळू लागला.

“अरे, टिळा लावतोयस का? भाकरी थापतात तसा सगळा हात टेकव.”

त्यानं सगळा हात टेकवला.

मोतीगीरनं डोळे न उघडता विचारलं, “ऊन हात आहे रे... कोणाचा?”

“सुपड्याचा.”

“कोणता सुपड्या?”

“गूळ चोरायचा तो.”

म्हातारा हसला. हसता हसता पुन्हा खोकला. सुपडूनं घाईनं आणखी ओतली.

वास वर आला. नाक सवयीनं कामाला लागलं. लाकूड... मनुका... आणि पुढचं आठवेना. हाताखाली म्हाताऱ्याचं काळीज चिमणीसारखं फडफडत होतं. ते थांबेल की काय, एवढंच एक भय सुपडूच्या मनात उरलं. तो चोळत राहिला. बाटली अर्ध्याखाली गेली, त्याचं भान त्याला नव्हतं.

हळूहळू घरघर कमी झाली. मोतीगीरला झोप लागली. झोपेत त्यानं सुपडूचं डावं मनगट घट्ट धरलं होतं.

सुपडू हलला नाही.

बराच वेळ गेला. उन्हाची तिरीप खाटेवर आली. बाबांनी तेच पान, वर भाकरी घालून, आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. भरीत गार झालं होतं.

“हात धुवून येतो,” सुपडू कुजबुजला.

“कसा जाशील? मनगट सोडवलंस तर जागा होईल तो. तसाच खा.”

सुपडूनं एक घास घेतला. मग दुसरा. मग त्यानं मान वर केलीच नाही. पान भाकरीनं पुसून काढलं. बाबांनी न विचारता आणखी वाढलं, तेही गेलं.

घास तोंडात असतानाच त्यानं बाबांकडे पाहिलं. डोळे भरून आले.

“बाबा... ह्याच्यात... ह्याच्यात काय...”

बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

“गप. भरल्या तोंडी बोलू नये, बाळा. ठसका लागतो.”